चोपन्नाव्या रस्त्यावरची पैज

न्यूयॉर्कला जाणारा माणूस काय पाहतो, हे वाचकांना मी नव्याने सांगायला नको. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, एम्पायर स्टेट, टाइम्स स्क्वेअरची आतषबाजी! आमच्या मुलीचे बिऱ्हाड पलीकडे न्यू जर्सीत एडिसनला आहे. तिथे गेल्या पंचवीस वर्षांत मी चार वेळा जाऊन आलो आणि हे सगळे एकेकदा पाहून झाले. पण ब्रॉडवे आणि चोपन्नावा रस्ता जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर मला जायचे होते, आणि तिथे पाहण्यासारखे काहीच नाही हेही मला ठाऊक होते. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी असला हट्ट धरला की घरची मंडळी एकमेकांकडे पाहतात. आमच्याही घरी पाहिले. शेवटी नातू म्हणाला, "आजोबा, शनिवारी मी नेतो तुम्हाला."

नातवाने न्यावे अशीच माझी इच्छा होती. तिचे कारण मात्र मी कोणाला सांगितले नव्हते.

म्हातारपणी झोप कमी होते, त्यात प्रवासाने रात्रीचा दिवस होतो. आल्यापासून तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलो तर खालच्या खोलीत दिवा. तेवीस वर्षांचा नातू सोफ्यावर बसलेला, हातात फोन, आणि फोनमधून ओळखीचा आवाज : टक, टक, टक, टक. मी मागे जाऊन उभा राहिलो. एक लहानशी खोली, एक टेबल, एक पंच, आणि दोन थकलेले खेळाडू. एकही प्रेक्षक नाही. "कुठला सामना रे?" म्हणून विचारले तर दचकला. म्हणाला, "चेक रिपब्लिक." कोण खेळतो आहे, तर ती नावे त्यालाही नीट उच्चारता येईनात. पडद्याच्या खालच्या भागात आकडे हलत होते. ते काय आहेत, हे मला न सांगताच समजले. आयुष्याची छत्तीस वर्षे मी विम्याच्या कचेरीत काढली आहेत, आकडे कशाकरिता हलतात ते मला कळते.

२०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांना देशभर बंदी घालणारा कायदा रद्द केला आणि राज्याराज्यांनी दारे उघडली. न्यू जर्सी त्यात आघाडीवर. पुढे २०२० साली महामारीने फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल सगळे बंद पडले; पैज लावायला काही म्हणता काही उरले नाही. उरले ते रशिया, युक्रेन, चेक इकडच्या बंद खोल्यांतले टेबल टेनिस. कोलोरॅडो राज्यात त्या वर्षीच्या मे महिन्यात असल्या पैजांना प्रारंभ झाला. पहिल्याच महिन्यात सुमारे अडीच कोटी डॉलर लोकांनी लावले आणि त्यांपैकी चौथा हिस्सा टेबल टेनिसवर होता! महामारी गेली, मोठे खेळ परत आले, पण ही चटक राहिली. कारण उघड आहे. क्रिकेटच्या निकालाला दिवस लागतो. इथे अकरा गुणांचा एक डाव चार-पाच मिनिटांत आटोपतो, एक सामना संपेपर्यंत दुसरा सुरू होतो, आणि मध्यरात्री दोन वाजताही कुठे ना कुठे टक-टक चालूच असते.

त्या रात्री नातू मला फक्त एवढेच म्हणाला, "आईला सांगू नका हं."

हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलेले होते. त्यासाठी वाचकांना माझ्याबरोबर थोडे मागे, गिरगावात, यावे लागेल.

१९५२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईला ब्रेबर्न स्टेडियमवर टेबल टेनिसच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरल्या. आशिया खंडात त्या प्रथमच भरत होत्या. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आमचे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणत असू, फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून होते. कचेरीत जेवणाच्या सुटीत दोन टेबले जोडून, मध्ये पुस्तके उभी करून टेबल टेनिस चाले, आणि त्यात भाऊ पटाईत होते. त्यामुळे जगातले खेळाडू आपले सगेसोयरे आहेत अशा थाटात ते बोलत. त्यांचा लाडका अमेरिकेचा मार्टी राइसमन. बावीस वर्षांचा, काडीसारखा बारीक. १९४९ सालची ब्रिटिश ओपन त्याने मारली होती, आणि त्याचा उजव्या हाताचा तडाखा म्हणजे बंदुकीची गोळी, असे भाऊ सांगत.

एक दिवस भाऊ मलाही घेऊन गेले. राइसमनच्या समोर उभा होता जपानचा हिरोजी सातो. चष्मेवाला, किरकोळ, शाळेतल्या ड्रॉइंगमास्तरासारखा. जपान या स्पर्धेत प्रथमच उतरत होता. सातोला कोणी ओळखत नव्हते. पण त्याच्या बॅटवर सर्वांसारखे खडबडीत रबर नव्हते, जाड स्पंज होता.

त्या दिवसाची मला एकच गोष्ट स्वच्छ आठवते, ती म्हणजे आवाज नव्हता. राइसमनच्या बाजूने 'टक' होई आणि सातोच्या बाजूने काहीच नाही. चेंडू स्पंजात रुते आणि मुकाट्याने, भलत्याच वेगाने परत येई. ज्याने सारे आयुष्य कानांनी खेळले त्याला एकाएकी बहिरे करून टाकावे तसे झाले. राइसमन हरला. सातो पुढे हंगेरीच्या कोझियनला हरवून जगज्जेता झाला. जपानी मंडळी त्याशिवाय पुरुषांची दुहेरी, स्त्रियांची दुहेरी आणि स्त्रियांचा सांघिक करंडक घेऊन गेली. बॅटवर किती जाडीचे काय असावे याचा नियम व्हायला मात्र १९५९ साल उजाडले.

घरी येताना भाऊ एक शब्द बोलले नाहीत. चर्नी रोडपाशी आल्यावर म्हणाले, "उद्यापासून सायकल नाही. चोरीला गेली म्हणून सांगायचं. आईला सांगू नकोस हं."

कचेरीतल्या एका सहकाऱ्याशी त्यांनी राइसमनवर सायकलीची पैज मारली होती. त्या गृहस्थांना टेबल टेनिसमधले ओ की ठो कळत नव्हते. भाऊंची बडबड ऐकून कंटाळून, केवळ त्यांना गप्प करावे म्हणून, त्यांनी चष्मेवाल्याची बाजू घेतली होती. ती सायकल घ्यायला भाऊंनी दोन वर्षे पैसे साठवले होते. पुढे तीन वर्षे ते गिरगावातून फोर्टपर्यंत पायी गेले. ट्रॅम होती, तिचे भाडेही काही फार नव्हते. पण ते चालतच गेले. आईने चोरीबद्दल एकदाही चौकशी केली नाही. एका संध्याकाळी मी तिच्याबरोबर भाजी आणायला निघालो होतो, तर ठाकुरद्वारच्या नाक्यावर ते सहकारी आमच्या सायकलीवरून समोरून आले. घंटीवर मी लाल रंगाने काढलेला ठिपका होता. आईने तो पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि भेंडी महाग झाली म्हणाली. मी काही बोललो नाही. ती १९८७ साली गेली, तोवर बोललो नाही.

असो. शनिवारी सकाळी आम्ही एडिसनहून आगगाडीने पेन स्टेशनला उतरलो आणि पायी निघालो. या शहराचा हिशेब सोपा आहे. उत्तरेकडे वीस रस्ते ओलांडले की एक मैल होतो. चौतिसाव्यापासून चोपन्नावा म्हणजे बरोबर एक मैल. माझ्या गुडघ्यांनी तो दीड केला. टाइम्स स्क्वेअरची गर्दी, नाटकगृहांपुढच्या रांगा आणि शेंगदाण्याच्या पाकाचा वास मागे टाकून एड सलिव्हन थिएटरवरून पुढे गेलो आणि कोपरा आला. वाहनांचा खांब, काचेच्या इमारती, कॉफीचे दुकान. नातवाने इकडे तिकडे पाहिले. "इथे काय आहे?"

इथे लॉरेन्सचा क्लब होता. हरवॉल्ड लॉरेन्स नावाच्या गृहस्थाने चालवलेला टेबल टेनिसचा अड्डा. त्याआधी, दारूबंदीच्या काळात, याच जागेत लेग्ज डायमंड नावाच्या नामांकित गुंडाचा गुत्ता होता असे सांगतात. १९४० च्या सुमारास अमेरिकेतले सगळे उत्तम खेळाडू इथे घडले. पुढे दहा वेळा राष्ट्रीय विजेता झालेला डिक माइल्स इथलाच. रात्री नाटके सुटली की खरी गर्दी होई, आणि ती काही व्यायामासाठी नसे. नोटा टेबलाच्या कडेला ठेवल्या जात. राइसमन पोरवयातच इथे येऊ लागला. त्याचा बाप टॅक्सीवाला आणि जुगाराचा व्यसनी. असलेल्या टॅक्सीही त्याने डावावर घालवल्या असे म्हणतात. मुलाने बापाचे पाहून एकच धडा घेतला : पैज लावायची ती दुसऱ्याच्या हातावर नाही, स्वतःच्या.

पंधरा वर्षांचा असताना राष्ट्रीय स्पर्धेसाठी हा डेट्रॉइटला गेला आणि स्वतःवर पाचशे डॉलर लावण्यासाठी बुकी शोधू लागला. एका भारदस्त माणसाच्या हातात त्याने पैसे ठेवले. तो निघाला टेबल टेनिस संघटनेचा पदाधिकारी! पोराला पोलिसांकरवी बाहेर काढण्यात आले. नातू हे ऐकून इतका हसला की शेजारची बाई वळून पाहू लागली. मीही हसलो. हसताना त्याचा चेहरा पुन्हा दहा वर्षांच्या मुलासारखा झाला होता, म्हणून मी मुद्याचे बोलणे आणखी थोडे लांबवले.

अड्ड्यावरची पैज कशी चाले ते त्याला सांगितले. दोघांत कोण सरस हे सर्वांना ठाऊक असे. मग खेळायचे कशाला? त्यासाठी चांगल्याने कच्च्याला गुण उधार द्यायचे. त्या काळी एकवीस गुणांचा डाव असे. तुला दहा दिले, चल. दहा नको, बारा दे. ही घासाघीस म्हणजेच खरा सामना. बॅट उचलण्यापूर्वीच तो हरलेला किंवा जिंकलेला असे. याच्या बुडाशी एक सुंदर गणित आहे. एका गुणामागे तुमची बाजू शंभरात फक्त पंचावन्न इतकी जड असेल, तर एकवीस गुणांचा डाव तुम्ही शंभरात सुमारे चौऱ्याहत्तर वेळा जिंकता, आणि पाच डावांचा सामना जवळजवळ एकोणनव्वद वेळा. थोडासा फरक साठत साठत डोंगर होतो. २००१ साली डाव अकरा गुणांचा केला, तेव्हापासून तोच फरक डावात अडुसष्टाच्या आसपास अडकतो. म्हणजे कच्च्याला अधिक संधी, आणि पैज घेणाऱ्याला अधिक गिऱ्हाइके.

"पण माझा अभ्यास आहे, आजोबा," नातू म्हणाला. "कोण सकाळपासून किती सामने खेळला, कोण थकला, सगळं मी लिहून ठेवतो."

"बरोबरीच्या दोघांवर तुला काय भाव मिळतो?"

"एक पूर्णांक त्र्याऐंशी."

तिथेच रस्त्यावर, फुटपाथच्या कडेला, मी त्याला विम्याचा हिशेब करून दाखवला. शंभर सामन्यांवर शंभर-शंभर डॉलर लाव. बरोबरीचे आहेत, पन्नास जिंकशील : हाती चार हजार एकशे पन्नास. पन्नास हरशील : गेले पाच हजार. आठशे पन्नास डॉलर कोणाला दिलेस? खेळाडूला नाही, पंचाला नाही. आमच्या कचेरीतही असेच होते, फक्त आम्ही माणूस मेल्यावर त्याच्या बायकोला काहीतरी देत होतो. शिवाय लॉरेन्सकडे निदान खेळाडू समोर दिसे, तो मुद्दाम हरतो आहे का हे त्याच्या मनगटावरून ओळखता येई. ज्या खोलीत प्रेक्षक नाही आणि खेळाडूला मिळणारे पैसे त्याच्यावर लागणाऱ्या पैशांपुढे चिल्लर आहेत, तिथल्या सामन्यांवर संशय का येतो हे सांगायला ज्योतिषी नको.

नातू काही बोलला नाही. मग मी त्याला सायकलीची गोष्ट सांगितली. ती मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती. त्याच्या आजीलासुद्धा नाही.

तिथून भुयारी गाडीने आम्ही शहराच्या दक्षिण टोकाला गेलो. राइसमनने पुढे शहाण्णवाव्या रस्त्यावर स्वतःचा क्लब चालवला होता, तिकडेही जायचे मनात होते. पण गुडघे नको म्हणाले. हॅनोव्हर स्क्वेअरला मात्र गेलो. तिथल्या एक नंबरच्या जुन्या तपकिरी इमारतीचे नाव 'इंडिया हाऊस' आहे. नावाने फसू नये; आपला तिच्याशी संबंध निराळाच. १८७० नंतरची काही वर्षे न्यूयॉर्कचा रुईबाजार या इमारतीत होता. पुढे तो जवळच बीव्हर स्ट्रीटला गेला. या बाजारातले रुईचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईला येत, आणि मुंबईतली हजारो माणसे त्यांतल्या आकड्यांवर पैसे लावीत. आमच्या चाळीतच तळमजल्यावरचे एक गृहस्थ रात्री उशिरापर्यंत 'न्यूयॉर्क आलं का?' म्हणून विचारीत फिरत. मला लहानपणी वाटे, न्यूयॉर्क हे त्यांचे कोणी पाहुणे आहेत. १९६१ साली भाव येणे बंद झाले, तर लोकांनी मडक्यात चिठ्ठ्या घातल्या आणि मटका जन्मला. रुई गेली तरी आकडा राहिला. अगदी तसेच चेंडूबॅट गेली तरी त्या फोनवरचे आकडे हलत राहतील, याबद्दल मला शंका नाही.

परतताना बेचाळिसाव्या रस्त्यावर ब्रायंट पार्कमध्ये टेकलो. मोठ्या ग्रंथालयाच्या मागची ही बाग. तिथे झाडांखाली टेबल टेनिसची टेबले मांडलेली आहेत आणि बॅट-चेंडू फुकट मिळतात. मी पाहत होतो. नातू माझ्याकडे पाहत होता.

"खेळता?"

मी म्हटले, पैजेवर खेळेन. मी जिंकलो तर तू आईला सगळे सांगायचे. तू जिंकलास तर मी कधीच सांगणार नाही.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एकवीसचा डाव. दहा पॉइंट देतो." मी बारा मागितले. तो अकरावर आला. मी माझा खांदा दाखवला, गुडघा दाखवला, खोकलोसुद्धा. बारा मिळाले.

जाळी मोजायला मी खिशातून एक डॉलरची नोट काढली. राइसमन सामन्याआधी शंभर डॉलरच्या नोटेने जाळी मोजीत असे, अशी त्याची ख्याती. जाळी सहा इंच आणि नोट सहा इंचांहून तीन-चार मिलिमीटर लांब, म्हणजे हिशेब चुकत नाही. पण अमेरिकेतल्या सगळ्या नोटा एकाच मापाच्या असतात. काम एका डॉलरनेही भागते; शंभराची दाखवायची ती समोरच्याची छाती दडपायला. मला ही लबाडी फार आवडते. १९९७ साली सदुसष्ट वर्षांच्या वयात त्याने जुन्या पद्धतीच्या रबरी बॅटची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि २०१२ साली तो गेला. मुंबईचा तो स्पंज त्याने अखेरपर्यंत विसरला नाही म्हणतात. विसरायला आमच्या भाऊंना तरी कुठे जमले?

वाऱ्याने चेंडू वेडावाकडा जात होता. बारावरून सुरुवात करून मी अठरापर्यंत झटपट पोचलो. भाऊंनी शिकवलेला उलट्या हाताचा काप अजून शिल्लक होता; नातवाला तो मुळीच उचलता येईना. अठरा-चौदा झाले. बघायला तीन-चार माणसे जमली. मग माझा दम संपला. तो नेटाने, काही एक चुकी न करता, एकेक गुण वसूल करू लागला. अठरा-अठरा. एकोणीस-एकोणीस. शेवटचे दोन गुण मी पाहिले एवढेच म्हणता येईल.

एकवीस-एकोणीस. मी एक डॉलरची नोट त्याच्या हातात ठेवली. तो ती घेईना, तेव्हा त्याच्या खिशात कोंबली. पैज ती पैज.

परतीच्या गाडीत आम्ही बराच वेळ बोललो नाही. नूअर्क स्टेशन गेल्यावर त्याने खिडकीकडे पाहत आकडा सांगितला. अकरा हजार डॉलर. त्यातले चार कॉलेजच्या फीसाठी म्हणून आईने दिलेले. मी रुपये करून पाहिले नाहीत. आमच्या पिढीची ती खोड असली तरी त्या वेळी केले नाहीत.

"भाऊपणजोबांची सायकल परत मिळाली का कधी?"

"नाही. पंचावन्न साली हप्त्याने दुसरी घेतली. आईच्या पाटल्या मोडून."

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"मला वाटतं, पहिल्या दिवसापासून."

तो पुन्हा गप्प झाला. समोरच्या बाकावर एक लहान मुलगी चिप्स खात होती, तिच्याकडे पाहत राहिला. मी म्हटले, "तू जिंकला आहेस. माझ्या तोंडून आईला काही कळणार नाही."

"तुम्ही नका सांगू," तो म्हणाला. "पण मी सांगताना जवळ बसाल?"

मी हो म्हटले. एडिसन यायला अजून अर्धा तास होता.